थकलेल्या पगाराची वसुली

वाण्याकडून महिनाभर सामान उधारीवर आणावे आणि पहिल्या तारखेला त्याचे पैसे चुकते करू नयेत, तर तो एखादा महिना कदाचित गप्प बसेल; दुसऱ्या महिन्यात मात्र तो तराजूला हात लावणार नाही. आपली उधारी बुडू नये याची काळजी तो स्वतःच घेतो आणि त्याबद्दल त्याला कोणी दोषही देत नाही. आता कामगाराकडे पाहावे. मासिक पगारावर काम करणारा प्रत्येक माणूस महिनाभर आपले श्रम मालकाला उधारच देत असतो. काम आधी आणि दाम मागून, हा नोकरीचा सर्वत्र रूढ असलेला प्रघात. व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर येथे कामगार हा धनको आणि मालक हा ऋणको. परंतु या धनकोची तऱ्हाच निराळी. त्याचे पैसे थकले म्हणजे तो उधारी बंद करीत नाही, उलट वाढवीत जातो. पगार झाला नाही तरी तो दुसऱ्या महिन्यात कामावर येतो, तिसऱ्या महिन्यातही येतो, आणि का, असे विचारले तर म्हणतो, "आता सोडून गेलो तर मागचेही बुडेल." मालकाला हे पक्के ठाऊक असते.

थकलेल्या पगारासंबंधी आम्ही जे सांगणार आहोत, ते सारे या एका अडचणीभोवती फिरते. पगार वसूल करून घेण्यास आपल्याकडे कायदा नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. कायदा आहे आणि तो लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कडक आहे. बहुतेकांचे पैसे कचेरीची पायरी चढण्याआधीच बुडतात. वाट पाहण्यात जे महिने जातात त्या महिन्यांत पुरावा नाहीसा होतो, सोबती पांगतात, मुदत टळते आणि मालकाची यंत्रेही एखाद्या रात्री दुसरीकडे हलतात.

ही तक्रार आजकालची नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. लोखंड्यांचे नाव निघाले की आपल्याला रविवारच्या सुट्टीची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या महिन्याचा पगार असेल तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, एवढीच ती मागणी. पंधरा तारखेच्या आत! म्हणजे त्या वेळी पगार त्याहून उशिरा होत असला पाहिजे. मधल्या दिवसांत सावकाराच्या दारी जाण्यावाचून कामगाराला गत्यंतर नसे. शिवाय जो पगार हाती पडे तोही सगळा नसे. दंड कापला जाई. विणताना खराब झालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वजा होई. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा खाडा लागे.

पुढे १९२९ साली व्हिटली कमिशन नेमले गेले. ना. म. जोशी हे त्याचे एक सभासद होते. कमिशनचा अहवाल १९३१ साली आला आणि त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम झाला. तो १९३७ साली अमलात आला. एक हजारांहून कमी कामगार असतील तेथे पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापूर्वी आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहाव्या दिवसापूर्वी, असे बंधन प्रथमच आले. लोखंड्यांच्या अर्जापासून या कायद्यापर्यंत ५२ वर्षे लोटली होती. त्या कायद्याचा लाभ आरंभी दरमहा २०० रुपयांच्या आतील पगारदारांनाच होता. ही मर्यादा वेळोवेळी वाढत २०१७ साली २४,००० रुपयांपर्यंत आली. अर्ज करण्याची मुदत मुळात सहा महिन्यांची होती. ती १९६४ साली बारा महिन्यांची झाली. हा जुना हिशेब आम्ही मुद्दाम सांगत आहोत. अजूनही पुष्कळ ठिकाणी जुन्या कायद्याच्याच आधाराने सल्ला दिला जातो. "तुमचा पगार जास्त आहे, तुम्हाला कायदा लागू नाही", किंवा "वर्ष उलटले, आता काही होणार नाही", ही उत्तरे त्या काळातील आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९३६ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. ही संहिता संसदेने २०१९ सालीच संमत केली होती. अमलात येण्यास सहा वर्षे लागली. पगाराच्या वेळेसंबंधी आणि वसुलीसंबंधी या संहितेने पगाराची वरची मर्यादा काढून टाकली. त्यामुळे लेथवरचा कामगार, हिशेबनीस, इंजिनिअर आणि खुद्द व्यवस्थापक हे सारे आता एका रांगेत आले. रोजंदारीवर असेल त्याला पाळी संपताच, आठवड्याच्या बोलीवर असेल त्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याच्या पगारावर असेल त्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. माणसाला काढले, त्याने राजीनामा दिला किंवा कारखाना बंद पडला, तर त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावयाचा असतो. "हिशेब दिवाळीनंतर करू" या वाक्याला कायद्यात कोठेही जागा नाही. कोणत्याही कारणाने कपात करावयाची झाली, तरी एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. आणि दंडाची रक्कम त्या मुदतीच्या पगाराच्या शेकडा तीनहून पुढे जाता कामा नये.

अर्ज सरकारने नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो करता येतो. सबळ कारण दाखविले तर त्यानंतरही तो दाखल करून घेण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे संहिता म्हणते. प्रयत्न व्हावा असे म्हणते, लागेलच असे म्हणत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकारही त्या अधिकाऱ्याला आहे. ही भरपाई अर्जदाराच्या हाती पडते. पगार कमी दिल्याबद्दल मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो. म्हणून "शेठला दंड करा" एवढेच लिहून थांबणाऱ्या अर्जाचा अर्जदाराला काही उपयोग नाही. भरपाई मागितली पाहिजे, तीही स्पष्ट शब्दांत.

सगळ्यांत मोलाची तरतूद मात्र पुराव्याच्या ओझ्याची. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा अर्ज आला, तर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. "मिळाले नाहीत" हे कामगाराने कसे सिद्ध करावे? न मिळालेल्या पैशाची पावती कोठून आणावी? तो अडसर येथे दूर झाला आहे. पण एक पायरी उरतेच. आपण त्या ठिकाणी कामाला होतो, किती दिवस होतो आणि किती पगाराच्या बोलीवर होतो, हे कामगाराला दाखवावेच लागते. लहान कारखान्यांत आणि बांधकामावर मालकाचा पहिला बचाव हाच असतो, की "हा आमचा माणूसच नव्हे."

तेव्हा पुरावा म्हणजे काय, याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नेमणूकपत्र आणि पगारपत्रक असेल तर प्रश्नच मिटला. पण ज्याच्याजवळ हे दोन्ही कागद असतात त्याचा पगार सहसा थकत नाही. बाकीच्यांनी हाती असेल ते जमवावे. पूर्वीचे पगार बँकेत जमा झाले असतील तर पासबुक, ई.एस.आय.चे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरील मालकाची नोंद, हजेरी कार्ड, फाटकावरचा पास, मालाच्या चलनावरील आपली सही, मुकादमाने मोबाईलवर पाठविलेले "उद्या सातला ये" असले संदेश. हे संदेश पुसून टाकू नयेत. फोन बदलताना ते जातात आणि नेमके त्याच सुमारास हवे होतात, असा अनुभव आहे.

या बाबतीत आमच्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. नवी संहिता येण्यापूर्वीचे ते आहे. पुण्याच्या बाजूच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये चौदा माणसे होती आणि पाच महिन्यांचे पगार थकले होते. मालक गोड बोलणारा. "तुम्ही घरचीच माणसे," असे म्हणावयाचा आणि अधूनमधून पाचशे-हजार हातावर ठेवावयाचा. प्रकरण कामगार न्यायालयात गेले तेव्हा त्याने व्हाउचरांचा गठ्ठाच पुढे केला. प्रत्येकावर सही किंवा अंगठा, आणि सगळे पैसे रोख दिल्याची नोंद. सह्या खऱ्या होत्या. कामावर घेतानाच कोऱ्या व्हाउचरांवर त्या घेऊन ठेवल्या होत्या. पण हे सिद्ध कसे करावे? त्या चौदांपैकी एकाजवळ दुधाच्या हिशेबाची एक वही होती. तिच्या मागच्या पानांवर तो रोजचा काम सुरू होण्याचा आणि सुटण्याचा वेळ टिपून ठेवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालकाकडून मिळालेली प्रत्येक उचल त्याने तारखेनिशी लिहिली होती, अगदी दोनशे रुपयांचीसुद्धा. उलटतपासणीत ही वही चांगलीच टिकली. कारण ज्या नोंदी लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या विरुद्ध जातात, त्या त्याने खोट्या लिहिल्या असे म्हणणे कठीण जाते. पुढे त्या वहीवरून व्हाउचरांच्या तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांपैकी तीन गुरुवारच्या निघाल्या. त्या भागात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वर्कशॉपला कुलूप असताना चौदा माणसांना पगार कोणी वाटला, याचे उत्तर मालकाला देता आले नाही.

म्हणून आमचे सांगणे असे, की पगार वेळेवर होत असतानाच अशी वही ठेवावी. तिच्यात मिळालेले पैसेही प्रामाणिकपणे लिहावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये हे सांगणे सोपे आहे. नोकरीची गरज असलेला माणूस ती करतोच, हे आम्हाला ठाऊक आहे. निदान सही केल्याची तारीख त्याच वहीत टिपून ठेवावी. नोकरी सोडताना "सर्व हिशेब भरून पावलो, काही येणे नाही" अशा कागदावर सही घेण्याचीही चाल आहे. तेथे घाबरण्याचे कारण नाही. संहितेखाली येणे असलेली रक्कम सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजला जातो. मात्र पैसे खरोखर मिळाल्याची पावती ही निराळी गोष्ट. ती दिली असेल तर ती खोटी का, हे समजावून द्यावे लागेल.

यानंतर हिशेब. अर्ज फेटाळले जाण्याचे, किंवा निदान लांबण्याचे, एक कारण म्हणजे फुगवलेला आकडा. समजा, एकाचा पगार दरमहा १५,६०० रुपये आहे आणि तो २६ दिवसांच्या हिशेबाने ठरला आहे. म्हणजे रोज ६०० रुपये झाले आणि आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ७५. दोन पूर्ण महिने आणि ११ दिवस पगार मिळाला नाही. दोन महिन्यांचे ३१,२००, अकरा दिवसांचे ६,६००. ३० तास जादा काम केले असेल तर त्याचा दर निदान दुप्पट, म्हणजे तासाला १५० धरून ४,५००. बेरीज ४२,३००. यातून घेतलेली ५,००० ची उचल आपणच वजा करून दाखवावी आणि ३७,३०० मागावेत. मालकाने दाखविण्याआधी आपण ती उचल कागदावर आणली, तर अधिकाऱ्याचा उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. भरपाईची मागणी या रकमेहून वेगळी लिहावी.

अर्जापूर्वी मालकाला एक लेखी मागणी पाठवावी. कायद्याने ती प्रत्येक वेळी आवश्यक आहे असे नाही, पण तिचा उपयोग फार. कोणत्या महिन्यांचे किती येणे आहे आणि किती दिवसांत द्यावे, एवढेच लिहावे. शिव्याशाप नकोत, धमकी नको. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून जुने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे. तेव्हा पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टानेच पत्र पाठवावे आणि पावती व पत्राची प्रत जपावी. या पत्राला मालक सहसा उत्तर देत नाही. दिलेच तर "धंद्यात मंदी आहे, थोडे थांबा" असे लिहितो. आणि तेवढ्याने नोकरीचे नाते व थकबाकी ही दोन्ही त्याने मान्य केलेली असतात.

पुष्कळ लोक आधी पोलीस ठाण्यात जातात. तेथे "हे आमचे काम नाही" असे उत्तर मिळते आणि माणूस तेथेच खचतो. जावयाचे ते सहायक कामगार आयुक्तांच्या कचेरीत. कोणता अधिकारी अर्ज ऐकतो, हे तेथे कळते. रेल्वे, बँका, विमा, खाणी, मोठी बंदरे यांतील नोकऱ्या, आणि त्यांच्या ठेकेदारांकडील कामही, केंद्र सरकारच्या कामगार खात्याकडे येते. तेथील माणसाने राज्याच्या कचेरीत खेटे घालून वेळ दवडू नये. वकिलाच्या फीची भीती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगाराला आणि स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

आता त्या पहिल्या अडचणीकडे वळू. कामावर असताना अर्ज करावा तर नोकरी जाण्याची भीती, आणि नोकरी सोडून करावा तर सोबती साक्षीला येत नाहीत. यावर संहितेत एक सोय आहे. अर्ज ज्याचा त्यानेच करावा असे बंधन नाही. नोंदलेली कामगार संघटना आपल्या सभासदाच्या वतीने तो करू शकते, सरकारी निरीक्षकही करू शकतो, आणि कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो. एकट्याचा अर्ज आला म्हणजे मालक त्या एकट्याला समजावतो, कधी थोडे पैसे देऊन फोडतो. चौदा जणांना फोडणे महाग पडते. आमच्या समजुतीप्रमाणे संघटनेचा खरा उपयोग येथेच आहे. मोर्चे आणि घोषणा यांहून हे काम नीरस असेल, पण भाकरीचा प्रश्न त्याने सुटतो. हमाल-माथाड्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ साली याहून पुढची वाट धरली. माथाडी मंडळात व्यापारी मजुरीची रक्कम मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराला देते. मजुरीसाठी व्यापाऱ्याच्या गादीपुढे उभे राहण्याचा प्रसंग नोंदलेल्या माथाड्याला यामुळे येत नाही.

ठेकेदाराकडील कामगाराची गोष्ट थोडी निराळी. ठेकेदार पळून गेला म्हणजे सारे संपले, असे त्याला वाटते. तसे नाही. ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाने तो द्यावा आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि नव्या संहितांतही ते कायम राहिले आहे. म्हणून अर्जात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचेही नाव घालावे. कंपनीकडे ठेकेदाराचे बिल किंवा अनामत अडकलेली असते. तिला पैसे देणे जड जात नाही.

निकाल हाती आला म्हणजे पैसे हाती आले, असे मात्र समजू नये. येथून पुढचा टप्पाच पुष्कळदा सर्वांत लांब असतो. मालकाने पैसे दिले नाहीत तर अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवितो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असते. कागद जिल्हाधिकारी कचेरीतून तहसीलदाराकडे, तेथून तलाठ्याकडे उतरतो. आणि मालकाची मालमत्ता कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तेथेच पडून राहतो. तलाठ्याला दोष देणे सोपे आहे. पण जप्ती कशावर आणावयाची हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि ही माहिती पुष्कळदा कामगारालाच असते. मालकाचा पूर्वीचा पगाराचा चेक कोणत्या बँकेचा होता, त्याच्या गाडीचा नंबर काय, गावाकडे त्याची शेती कोणत्या गटात आहे, शहरात गाळा कोणाच्या नावावर आहे, ही यादी करून सातबाऱ्याच्या आणि मालमत्ता पत्रकाच्या उताऱ्यांसह ती तहसील कचेरीत द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

कारखाना दिवाळखोरीत निघाला असेल तर वाट बदलते. तेव्हा वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते आणि तिच्यात दिलेल्या तारखेच्या आत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आपले येणे नोंदवावे लागते. कंपनी विकून पैसे वाटण्याची वेळ आली, तर २०१६ च्या संहितेप्रमाणे कामगारांचे २४ महिन्यांचे येणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते, आणि इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे येणे त्यानंतर येते. ती सूचना कामगाराच्या दृष्टीस क्वचितच पडते. कारखाना बंद होताच गावी निघून जाणाऱ्यांनी निदान एका सोबत्याचा फोन चालू ठेवावा.

त्या वर्कशॉपच्या चौदा जणांनाही निकालानंतर दीड वर्ष काहीच मिळाले नव्हते. यंत्रे केव्हाच हलली होती आणि बँकेच्या खात्यात काही नव्हते. मालकाच्या गावाकडील एका कामगाराने त्याच्या शेतीचा सातबारा काढून तहसील कचेरीत दिला आणि त्यावर वसुलीचा बोजा चढला. पुढे मालकाला ती जमीन विकावयाची होती, पण बोजा असलेली जमीन घेण्यास गिऱ्हाईक तयार होईना. तेव्हा तो आपण होऊन आला आणि चार हप्त्यांत त्याने रक्कम भरली. चौदांपैकी एकजण मधल्या काळात वारला होता. त्याचा वाटा त्याच्या पत्नीने सही करून घेतला.